नाठाळ म्हणण्याआधी दुखणं शोधा

खोगीर चढवताना घोडा कान मागे पाडतो, शेपटी फटकारतो, मध्येच अडतो. तबेल्यातला निकाल ठरलेला: नाठाळ आहे, दोन फटके द्या!

ब्रिटनच्या अश्ववैद्य स्यू डायसन यांनी मात्र स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या अशा २४ लक्षणांची यादीच बनवली. त्यांतली ८ किंवा अधिक दिसली, तर हाडा-स्नायूंच्या दुखण्याची दाट शक्यता. मग चाबूक खाली ठेवायचा आणि पाय, पाठ, खोगीर तपासायचं.

कुत्र्यांचीही तीच कथा. अंगावर हात फिरवताच गुरगुरणाऱ्या कुत्र्याचा खुबा दुखत असू शकतो. लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली मांडलं, की वर्तनासाठी तज्ज्ञांकडे येणाऱ्या प्राण्यांपैकी सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना काहीतरी दुखणं असतं, आणि हाही सावध अंदाज. म्हणून चांगला वर्तनतज्ज्ञ आधी पशुवैद्याची तपासणी मागतो. न मागणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं, कारण ब्रिटनमध्ये ‘वर्तनतज्ज्ञ’ अशी पाटी कुणीही लावू शकतो, त्या नावाला कायद्याचं संरक्षण नाही.

दुखणं नसेल तर? मालक बाहेर पडताच दार ओरबाडणाऱ्या, सतत रडणाऱ्या कुत्र्यांसाठी अमेरिकेत १९९८ साली क्लोमिप्रामिन हे औषध मंजूर झालं. माणसांसाठी हे नैराश्यावरचं जुनं औषध. पण मंजुरीतच अट आहे: सोबत प्रशिक्षण हवं. नुसत्या गोळीवर भागत नाही; थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय मालकानेच लावायची असते.