सेंट टॉमस मौंट
सेंट टॉमस मौंट : तमिळनाडूची राजधानी चेन्नई हिच्या नैर्ऋत्य भागातील एक लहान टेकडी व कॅथलिक पंथीयांचे तीर्थक्षेत्र. उंची सु. ९० मी. तमिळमध्ये तिला ‘परंगिमलै’ म्हणजे ‘फिरंग्यांची टेकडी’ म्हणतात.

येशू ख्रिस्ताचा शिष्य संत टॉमस यास इ. स. ७२ च्या सुमारास येथे भाल्याने मारण्यात आले व मैलापूर येथे पुरण्यात आले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. तथापि तिला समकालीन लेखी पुरावा नाही. तिसऱ्या शतकातील सिरियाक भाषेतील टॉमसचरित्रात भाल्याने झालेल्या त्याच्या मृत्यूचे वर्णन आढळते. परंतु त्यात मैलापूरचा उल्लेख नाही. त्यातील गोंडोफर्नीझ हा राजा मात्र ऐतिहासिक असून वायव्य भारतात त्याची नाणी सापडली आहेत. यामुळे संताचे भारतात आगमन काही अभ्यासक शक्य मानतात. त्याचे मृत्युस्थळ मात्र विवाद्य आहे.

पोर्तुगीजांना १५४७ मध्ये टेकडीवर बांधकामासाठी खोदताना एक कोरीव पाषाणक्रूस सापडला. त्यावर पेहलवी लिपीतील लेख असून त्याच्या वाचनाविषयी मतभेद आहेत. असेच लेख केरळमधील कोट्टयम येथील क्रूसांवरही आढळतात. ए. सी. बर्नेल याने हे क्रूस सातव्या-आठव्या शतकांतील मानले. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी दक्षिण भारतात इराणशी संबंध असलेला ख्रिस्ती समाज होता, याचे हे महत्त्वाचे साधन होय. लेख संताच्या काळानंतरचा असल्याने तो त्याच्या मृत्यूचा पुरावा ठरत नाही. १५५८ पासून १७०४ पर्यंत या क्रूसावर अनेकदा रक्तवर्णी ओलावा दिसल्याचे सांगतात. त्यामुळे तो ‘रक्तस्रावी क्रूस’ म्हणून ओळखला जातो.

हा क्रूस आज टेकडीवरील मेरीमातेच्या चर्चमध्ये वेदीच्या भिंतीत बसविलेला आहे. तेथे संत ल्यूकने काढल्याचे मानले जाणारे मातेचे चित्रही आहे. चर्चचा मुख्य सण १८ डिसेंबर रोजी असतो. वर जाण्यासाठी पायऱ्या असून त्या अठराव्या शतकात पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधविल्या. यात्रिकांच्या सोयीसाठी त्याने अड्यार नदीवर पूलही बांधविला. भाविकांत अन्यधर्मीयही असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ मध्ये या स्थळास भेट दिली.

विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये या टेकडीच्या परिसरात आधाररेषा मोजली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ या मोजणीपासून मानतात.