उचल, बेडी आणि कायदा

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू झाला, की ट्रॅक्टरांच्या रांगेपलीकडे फारशी कोणाची नजर जात नाही. निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात. थंडीत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. अनेकांचा हंगाम उचलीने सुरू होतो. उचल घेणे हा गुन्हा नव्हे. मात्र ती फिटेपर्यंत माणसाला निघून जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी होय.

राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली. पण तिच्या उच्चाटनाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास पाव शतक लागले. ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, वीस कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. सारा देश मुका असताना सर्वांत मुक्या माणसाला मोकळे करणारा कायदा व्हावा, हा विलक्षण योगच. बिगाऱ्याचे कर्ज त्याने रद्द केले. सावकारांनी विरोध करावा तरी कोठे? याउलट, मानवी तस्करीविरोधी विधेयक जुलै २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर संपले.

अंमलबजावणीचे राजकारण याहून सूक्ष्म आहे. मुक्ततेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर, सोबत दक्षता समित्या. परंतु बिगारी सापडली असे लिहिणे म्हणजे ती आपल्याच जिल्ह्यात होती, हे मान्य करणे! म्हणूनच ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला आदिवासींच्या मुक्ततेसाठी दीर्घ संघर्ष करावा लागला. आणि २०२२ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात एका कातकरी बालिकेच्या मृत्यूनंतर, थोड्या पैशांच्या मोबदल्यात मुले मेंढ्या राखण्यासाठी दिली जात असल्याचे उघडकीस आले.

श्रावकाला हा विषय परका नाही. पंधरा कर्मादानांतील केशवाणिज्यात दासदासींचा व्यापारही येतो. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बांधून ठेवणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे यांची गणना आहे. कौशांबीच्या बाजारात विकली गेलेली चंदनबाला एका श्रेष्ठीच्याच घरी बेड्यांत होती. धनावह स्वभावाने दयाळू. परंतु तो घराबाहेर असताना तिला कोंडण्यात आले आणि त्याला ते तीन दिवस कळले नाही. आज खळ्यावरच्या टोळीची मजुरी मुकादमाच्या हाती देणाऱ्या व्यापाऱ्यालाही उचलीतून किती वळती झाली, हे बहुधा ठाऊक नसते. तो हिशेब मजुराच्या हाती असतो का, एवढे विचारण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.