ले-ऑफ झाला म्हणजे नक्की काय झालं?

लोअर परळच्या ऑफिसातून नात फोन करते, "ले-ऑफ झाला." गिरणीत हयात घालवलेले आजोबा विचारतात, "मग परत कधी बोलावलंय?" प्रश्न भाबडा वाटेल, पण कायद्याने आजोबांचंच बरोबर आहे.

गैरसमज : ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली.
वस्तुस्थिती : आजच्या इंग्रजीत बहुधा तसंच. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात मात्र 1953च्या दुरुस्तीने वेगळा अर्थ पक्का केला. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, माल पडून आहे किंवा यंत्र बिघडलं, म्हणून मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. कामगाराचं नाव मस्टरवर राहतं. 2020च्या औद्योगिक संबंध संहितेतही अर्थ हाच आहे.

गैरसमज : घरी बसवलं की पगार बंद.
वस्तुस्थिती : पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. वर्ष न भरलेला बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी कामावर घेतलेला) त्यात बसत नाही. शिवाय रोज एकदा हजेरी लावावी लागते.

गैरसमज : ले-ऑफ आणि टाळेबंदी एकच.
वस्तुस्थिती : ले-ऑफ ही मालकाची अडचण, टाळेबंदी हे वादातलं त्याचं हत्यार. कामगारांचं हत्यार संप.

गैरसमज : 1982 साली गिरणी कामगारांचा ले-ऑफ झाला.
वस्तुस्थिती : 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला तो संप. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधी झालीच नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही, अनेक गिरण्या बंद पडल्या. यातलं काहीच तात्पुरतं नव्हतं.

गैरसमज : आयटी कंपनीने काढलं, तर ले-ऑफची भरपाई मिळेल.
वस्तुस्थिती : ती तरतूद कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे. कायमचं कमी करणं म्हणजे कामगार कपात. कायद्याने 'कामगार' ठरणाऱ्याची वर्षभर सलग नोकरी झाली असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो.

म्हणून ईमेलमधल्या शब्दावर जाऊ नका. नाव पटावर आहे की काढलं, हे लेखी मागा. हक्क त्यावरच ठरतात.