विद्यापीठाच्या आवारातील दोन वाय-फाय

विद्यापीठाच्या आवारात मोबाईलचे वाय-फाय सुरू केले की पडद्यावर साधारणपणे दोन-तीन नेटवर्कची नावे उमटतात, त्यांपैकी एकापुढे कुलपाचे चिन्ह असते व दुसऱ्यापुढे नसते, आणि घाईत असलेला विद्यार्थी बिनकुलपाचे नाव निवडतो, कारण तेथे एका पानावर पासवर्ड टाकला की काम भागते, तर कुलपाच्या नावाखाली पाच-सहा अनोळखी रकान्यांचा अर्ज उघडतो.

बिनकुलपाच्या नेटवर्कवरही पासवर्ड द्यावा लागतो, म्हणजे तेही सुरक्षितच असणार, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. ब्राउझरमध्ये आपोआप उघडणारे ते पान, ज्याला ‘कॅप्टिव्ह पोर्टल’ म्हणतात, आत कोण आले याची केवळ नोंद घेते. मोबाईल आणि भिंतीवरचा अ‍ॅक्सेस पॉइंट यांच्यामधील रेडिओलहरी त्यानंतरही उघड्याच राहतात, आणि वाचनालयात शेजारच्या टेबलावर असलेला लॅपटॉप त्या टिपू शकतो. भारतात अशा नोंदीला आणखी एक कारण आहे. २००८ मधील बॉम्बस्फोटांशी संबंधित ईमेल नवी मुंबईतील एका घराच्या आणि पुढे मुंबईतील एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून पाठवले गेल्याचे तपासात निघाले, आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घेण्याच्या सूचना काढल्या. पाहुण्यांना मोबाईलवर ओटीपी मागितला जातो तो याच हेतूने. त्यात वापरणाऱ्याचा माग ठेवण्याची सोय आहे, त्याच्या संरक्षणाची नाही.

खुल्या नेटवर्कचा धोका किती, याचे उत्तर मात्र काळानुसार बदलले आहे. २०१० मध्ये फायरफॉक्स ब्राउझरला जोडता येणारे ‘फायरशीप’ नावाचे साधन प्रसिद्ध झाले, तेव्हा खुल्या वाय-फायवरील दुसऱ्याचे फेसबुक खाते दोन क्लिकांत उघडता येत असे, कारण लॉगिनचा पासवर्ड कूटबद्ध होऊन जात असला तरी नंतर प्रत्येक पानासोबत जाणारी ‘कुकी’, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, उघडीच प्रवास करी. आज बहुतेक संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ वापरतात, त्यामुळे सर्व मजकूर कूटबद्ध होतो आणि बाहेरच्याला फार तर कोणत्या स्थळाला भेट दिली एवढे कळते. तेव्हा खुल्या नेटवर्कवर बँकेचे खाते उघडताच पैसे जातात, ही भीती अतिरंजितच आहे. खरी अडचण ही की तेच नाव धारण करून कोणीही आपला अ‍ॅक्सेस पॉइंट उभा करू शकतो आणि लॉगिनच्या हुबेहूब पानावर विद्यापीठाचा पासवर्ड अलगद मिळवू शकतो.

सुरक्षित नेटवर्कची रचना ‘८०२.१एक्स’ या मानकावर बेतलेली असते. घरच्या वाय-फायला सर्वांसाठी एकच पासवर्ड असतो, येथे प्रत्येकाचा वेगळा असतो. तो ‘रेडियस’ नावाच्या सर्व्हरकडे तपासणीसाठी जातो आणि तपासणी होताच त्या उपकरणापुरती, त्या जोडणीपुरती एक स्वतंत्र किल्ली तयार होते, त्यामुळे एकाच नेटवर्कवरील सहाध्यायीसुद्धा एकमेकांच्या लहरी उलगडू शकत नाहीत. याच यंत्रणेवर ‘एड्युरोम’ ही शैक्षणिक संस्थांची सामाईक वाय-फाय सेवा उभी आहे. नेदरलँड्समधील सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्कचे क्लास विरेंगा यांनी २००२ मध्ये मांडलेली ही कल्पना आज शंभराहून अधिक देशांत व प्रदेशांत रुजली असून भारतात तिची व्यवस्था अर्नेट या शैक्षणिक नेटवर्ककडे आहे. सहभागी संस्थेतील संशोधक परदेशी विद्यापीठात गेला, तर तेथील सर्व्हर वापरनावातील ‘@’ या चिन्हापुढचा भाग वाचून विनंती त्याच्या मूळ संस्थेकडे पाठवतो, आणि पासवर्ड बंद पाकिटासारखा थेट तेथेच उघडला जातो.

पाकीट नेमके कोणाच्या हाती पडते, हे ठरवणारा रकाना अर्जाच्या मध्यावर असतो. अँड्रॉइडवर त्याचे नाव ‘सीए सर्टिफिकेट’ असते. सर्व्हर खरोखर विद्यापीठाचाच आहे का, याचा दाखला मोबाईलने तपासावा की नाही, हे तेथे निवडायचे असते आणि खालच्या ‘डोमेन’ या रकान्यात विद्यापीठाच्या सर्व्हरचे नाव भरायचे असते. जुन्या अँड्रॉइडमध्ये तपासणी नको, असाही पर्याय होता, आणि वसतिगृहांतून फिरणाऱ्या सूचनांत तोच निवडायला सांगितला जाई, कारण त्याने जोडणी चटकन होई. त्या एका निवडीने कुलपाच्या नेटवर्कचा बराचसा फायदा वाया जातो, कारण मग त्याच नावाचा तोतया अ‍ॅक्सेस पॉइंटही पासवर्ड मागू शकतो. २०२० च्या अखेरीस गूगलने आपल्या पिक्सेल फोनांवर हा पर्याय काढला, तेव्हा अनेक विद्यापीठांच्या तंत्रकक्षांना आपल्या सूचना नव्याने लिहाव्या लागल्या. हे रकाने हाताने भरण्यापेक्षा संस्थेने दिलेली तयार प्रोफाइल किंवा ‘गेटएड्युरोम’ हे अ‍ॅप वापरणे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्यात दाखला व डोमेन आधीच भरलेले असतात.

खुले नेटवर्क तरीही बंद करता येत नाही. चर्चासत्राला आलेले पाहुणे, प्रवेशासाठी रांगेत उभे असलेले पालक आणि ८०२.१एक्स न समजणारे प्रिंटर व टीव्ही त्याच्याच आधारावर असतात. ‘एन्हान्स्ड ओपन’ या २०१८ पासूनच्या सोयीमुळे पासवर्डाविना लहरी कूटबद्ध करता येतात, पण समोरचा अ‍ॅक्सेस पॉइंट खरा की तोतया, हे तिलाही सांगता येत नाही. नियमित विद्यार्थ्याने सुरक्षित नेटवर्क एकदा नीट जोडून घेतल्यावर खुल्याचे नाव मोबाईलच्या जतन केलेल्या यादीतून काढून टाकावे. ते तसेच राहिले, तर आवाराबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी कोणी तेच नाव लावले तरी खिशातला मोबाईल न विचारता त्याला जोडला जाऊ शकतो.