पाच जणांची अ‍ॅलिस

1973 च्या डिसेंबरात बॉब ग्रीन नावाचा शिकागोचा एक पत्रकार गावोगावच्या स्टेजवर मार खात फिरत होता. प्रयोग संपत आला की तो सांताक्लॉजचा झगा आणि पांढरी दाढी लावून यायचा, लोकांना हात करायचा आणि बँडमधले सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. सांताला बडवलेलं बघून पोरं बेहद्द खूष. ग्रीनला या मंडळींवर पुस्तक लिहायचं होतं. लांबून बघून काही कळणार नाही, म्हणून त्याने ही भूमिका पत्करली होती. पुढच्याच वर्षी ‘बिलियन डॉलर बेबी’ हे त्याचं पुस्तक आलं. त्यातला रक्तबंबाळ भाग आज कोणाला फारसा हलवणार नाही. वाचताना लक्षात राहतं ते दुसरंच. स्टेजवर एकदिलाने सांताला झोडपणाऱ्या या पाच जणांचं खाली उतरल्यावर आपसांत धड चाललेलं नव्हतं.

बँडचं नाव अ‍ॅलिस कूपर. आपल्याकडे केबलवर एमटीव्ही दिसू लागल्यावर ज्यांनी ‘पॉयझन’ ऐकलं, त्यांच्या लेखी अ‍ॅलिस कूपर म्हणजे डोळ्यांभोवती काजळ फासलेला एक माणूस. मुळात ते पाच जणांचं सामाईक नाव होतं: गायक व्हिन्सेंट फर्निअर, गिटारवर ग्लेन बक्स्टन आणि मायकेल ब्रूस, बेसवर डेनिस डनवे, ड्रम्सवर नील स्मिथ.

सुरुवात अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सची. 1964 साली कॉर्टेझ हायस्कूलच्या कार्यक्रमात काही पोरं विग घालून बीटल्सची नक्कल करायला उभी राहिली. गिटार खऱ्या अर्थाने वाजवता येत होती एकट्या बक्स्टनला. बाकीचे नुसता आव आणत होते. म्हणजे आधी वेश झाला, वादन मागाहून शिकले. फर्निअर आणि डनवे शाळेच्या संघातून लांब पल्ल्याचं धावायचे, शाळेच्या वर्तमानपत्रात लिहायचे आणि साल्वादोर दालीच्या चित्रांनी भारावलेले होते. पुढे 1973 मध्ये खुद्द दालीने अ‍ॅलिसचं फिरतं होलोग्राम केलं. त्यात प्लास्टरचा मेंदू, त्यावर चॉकलेटचं एक्लेअर आणि मुंग्या. चित्रकलेच्या तासाला बसणाऱ्या या पोरांना याहून मोठं बक्षीस ते काय मिळणार?

फर्निअरचे वडील धर्मोपदेशक होते, हेही इथेच सांगितलेलं बरं. पुढच्या फाशीच्या खेळाशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं.

नावं बदलत बदलत 1968 मध्ये ‘अ‍ॅलिस कूपर’वर गाडी थांबली. प्लँचेटवर एका चेटकिणीने हे नाव सांगितलं, अशी कथा त्यांनीच पिकवली. खरं तर एखाद्या गोड म्हातारीचं शोभेल असं नाव केस वाढवलेल्या पाच पुरुषांना लावायचं, यातली गंमतच त्यांना हवी होती. लॉस एंजेलिसला आल्यावर संगीतकार फ्रँक झापाने त्यांना ऐकायला सात वाजता बोलावलं. हे पठ्ठे सकाळी सातलाच रंगरंगोटी करून, वाद्यं लावून त्याच्या घरी हजर. करार झाला, पण ‘प्रिटीज फॉर यू’ (1969) आणि ‘ईझी अ‍ॅक्शन’ (1970) हे पहिले दोन्ही अल्बम पडले. एका कार्यक्रमात तर यांनी वाजवायला घेतलं आणि सभागृह बघता बघता रिकामं झालं. इतक्या लोकांना एका दमात हाकलणारी माणसं पुढे काहीतरी करणार, हे ज्याने ओळखलं तो शेप गॉर्डन त्यांचा मॅनेजर झाला.

13 सप्टेंबर 1969 ला टोरांटोच्या व्हार्सिटी स्टेडियमवर जॉन लेननही वाजवणार होता. कूपर मंडळी प्रयोगात उशा फोडून पिसं उधळायची. त्या गोंधळात स्टेजवर एक जिवंत कोंबडी अवतरली. ती आपणच सोडली होती, असं गॉर्डनने पुढे सांगितलं. पंख आहेत म्हणजे उडेल, असं समजून फर्निअरने ती लोकांत भिरकावली. शहरी माणूस! लोकांनी तिच्या चिंधड्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली की गायकाने कोंबडीचं मुंडकं चावून तोडलं. झापाने फोन करून खरं काय ते विचारलं आणि वर सल्ला दिला की नाकारू नकोस. या बँडचा पुढचा सगळा लौकिक त्या सल्ल्यावर उभा आहे. वाद त्यांनी निम्माच पेटवायचा, उरलेला लोक पेटवत.

पण नुसत्या वादावर रेकॉर्डी खपत नाहीत. गाणी आली ती बॉब एझ्रिनमुळे. टोरांटोचा हा विशीतला पोरगा त्यांचा निर्माता झाला. डेट्रॉइटजवळ पाँटिअॅकला बँडने बिऱ्हाड थाटलं होतं. तिथे त्याने त्यांना महिनोन्‌महिने तालमीला बसवलं आणि कात्री चालवली. ‘आय अ‍ॅम एटीन’ हा मूळचा आठेक मिनिटांचा पसारा छाटून त्याने तीन मिनिटांवर आणला. 1971 च्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या यादीत 21 व्या क्रमांकापर्यंत गेला. 1975 मध्ये लंडनच्या एका कपड्यांच्या दुकानात ज्यूकबॉक्सवर हेच गाणं लावून त्याबरोबर हातवारे करणाऱ्या एका पोराला सेक्स पिस्टल्स या पंक बँडने गायक म्हणून घेतलं. तो जॉनी रॉटन.

आता ती फाशी. 1971 मध्ये विजेची खुर्ची आली, ‘किलर’ अल्बमच्या दौऱ्यात फाशीचा खांब, 1973 मध्ये गिलोटिन. खेळाचा क्रम पक्का असे. ‘डेड बेबीज’ हे गाणं आहे आईबापांच्या हलगर्जीपणाने मेलेल्या लहान मुलीचं. ते गाताना अ‍ॅलिस कुऱ्हाडीने बाहुलीचे तुकडे करी. लगेच बाकीचे त्याला धरून वधस्तंभाकडे नेत. फासाचा दोर दिसायला गळ्यात असला तरी भार घेई ती कपड्यांआडून पाठीला अडकवलेली बारीक तार. अशीच तार 1988 मध्ये लंडनला एका प्रयोगाआधी तुटली, आणि हनुवटी वर करून त्याने मान कशीबशी सोडवली. गिलोटिन रचून दिलं जेम्स रँडीने. बुवाबाजी उघडी पाडणारा म्हणून पुढे जगभर नाव झालेला हाच तो जादूगार. त्या दौऱ्यात जल्लादही तोच आणि वेडसर दंतवैद्यही तोच.

मुंडकं उडालं की थोड्या वेळाने अ‍ॅलिस पांढऱ्या कोटात, उंच टोपी घालून गात परत येई. कोकणातल्या दशावतारातला संकासुर जितका मरतो तितकाच हाही मरत होता, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पुन्हा उभा. पापी माणसाला शिक्षा झाल्याशिवाय खेळ संपत नसे. उपदेशकाच्या पोराने रचलेलं हे कीर्तनच म्हणायचं, फक्त पूर्वरंग जरा जास्त लांबलेला. विरोधकांना नेमकं हेच दिसलं नाही. की दिसूनही त्यांना बोंब मारायची होती, कोण जाणे.

बोंब सर्वांत मोठी झाली इंग्लंडात. 1972 च्या जूनमध्ये लंडनच्या वेम्ब्लीतल्या कार्यक्रमाची तिकिटं खपत नव्हती. गॉर्डनने एका ट्रकवर अ‍ॅलिसचं भलंमोठं चित्र लावलं, अंगावर फक्त साप गुंडाळलेलं. तो ट्रक ऐन गर्दीच्या वेळी पिकॅडिली सर्कसमध्ये ‘बंद पडला’. दुसऱ्या दिवशी चित्र सगळ्या पेपरांत, आणि सभागृह भरलं. ऑगस्टमध्ये ‘स्कूल्स आउट’ हे गाणं तिथे तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच नावाच्या अल्बमचं वेष्टन शाळेच्या बाकासारखं, झाकण उघडणारं. आतल्या तबकडीला कागदी चड्डी घातलेली. टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस बाईंनी बीबीसीकडे तक्रार केली. मजूर पक्षाचे खासदार लिओ अ‍ॅब्सी यांनी या बँडला देशात पाऊलच ठेवू देऊ नका अशी मागणी केली. बँडने बाईंना फुलं धाडली आणि खासदारसाहेबांना चिरूट. इतकी जाहिरात फुकटात करून दिल्यावर आभार तरी मानायला नकोत?

1973 चा ‘बिलियन डॉलर बेबीज’ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे पहिला आला. वेष्टन सापाच्या कातड्याच्या पाकिटासारखं, आत अब्ज डॉलरची नोट. तीन महिन्यांत पन्नासहून जास्त शहरं झाली. आणि नेमका याच अल्बमवर बक्स्टन जवळपास नाहीच. नाव आहे, फोटो आहे, गिटार मात्र स्टीव्ह हंटर, डिक वॅग्नर अशा बोलावलेल्या वादकांची. दारूने आणि आजाराने बक्स्टनची पार रया गेली होती. फर्निअरचीही तीच वाट होती, फक्त तो बिअर पिऊनही वेळेवर स्टेजवर उभा राहत असे. ‘स्कूल्स आउट’ची ती शाळेच्या घंटेसारखी डोक्यात बसणारी सुरुवात बक्स्टनची. ज्या सुरांवर इतकं ऐश्वर्य आलं त्यांचा धनी स्टेजच्या एका कडेला उभा, आणि त्याचं काम पडद्याआड दुसराच कोणी करतोय, अशी अवस्था.

वर्तमानपत्रांना तर एकच चेहरा हवा होता. मुलाखत अ‍ॅलिसची, फोटो अ‍ॅलिसचा. पाच जणांनी मिळून घडवलेलं पात्र एकाच्या अंगात शिरलं ते शिरलंच. ब्रूसला स्वतःचा अल्बम करायचा होता, बाकीच्यांना सोंगं कमी करून वाजवायचं होतं, फर्निअरला सोंगं अजून वाढवायची होती. 1974 मध्ये ब्राझीलला शेवटचे प्रयोग झाले आणि वर्षभराची सुट्टी ठरली. ती सुट्टी संपलीच नाही. फर्निअरने कायद्याने स्वतःचं नाव अ‍ॅलिस कूपर करून घेतलं आणि 1975 मध्ये एझ्रिनला सोबत घेऊन ‘वेलकम टू माय नाइटमेअर’ काढला. तो तुफान चालला. ब्रूस, डनवे आणि स्मिथ यांनी 1977 मध्ये ‘बिलियन डॉलर बेबीज’ या नावाने नवा बँड काढला. सोंगांना कंटाळलेल्या या मंडळींनी स्टेजवर काय आणलं, तर ग्लॅडिएटरांची झुंज! मोजक्या प्रयोगांत गाशा गुंडाळला.

बक्स्टन 1997 मध्ये आयोवा राज्यात न्यूमोनियाने गेला. अ‍ॅलिसने 1983 पासून दारूला स्पर्श केलेला नाही. तो गोल्फ खेळतो, चर्चला जातो, फिनिक्समध्ये किशोरवयीन मुलांसाठी केंद्र चालवतो आणि अजून रात्री मुंडकं उडवून घेतो. 2011 मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने मान दिला तो एकट्या त्याला नव्हे, पाचही जणांच्या बँडला.

2025 च्या जुलैत हयात असलेल्या चौघांनी एझ्रिनच्याच हाताखाली ‘द रिव्हेंज ऑफ अ‍ॅलिस कूपर’ काढला. मूळ बँडचा पन्नासहून अधिक वर्षांतला पहिला अल्बम. त्यातल्या ‘व्हॉट हॅपन्ड टू यू’ या गाण्याला बक्स्टनने जुन्या टेपवर वाजवून ठेवलेला तुकडा घेतला आहे. या वेळी निदान एका गाण्यात तरी गिटार त्याची आहे.