महाविद्यालयातील पहिले वर्ष आणि रसायनशास्त्र

शाळेत विज्ञानात उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी रसायनशास्त्रापुढे हात टेकतो, असे पुष्कळदा दिसते. मुलाची बुद्धी कमी पडली, असे घरच्यांना वाटते. वस्तुतः अडचण बहुधा दोनच ठिकाणी असते; एक शब्दांत आणि दुसरी मोजमापात.

भोपाळच्या मराठी मुलांना पहिली अडचण अधिक जाचते. मराठी पुस्तकात मूलद्रव्याचा सूक्ष्म कण तो 'अणू', आणि अणू जोडले गेले म्हणजे होतो 'रेणू'. हिंदी ग्रंथात मात्र पहिला 'परमाणु' व दुसरा 'अणु'! शब्द तोच, पण अर्थ एक पायरी वर सरकलेला. 'क्षार' या शब्दाचे तर विचारूच नये. मराठीत मीठ हा क्षार. हिंदीत मीठ म्हणजे 'लवण', आणि क्षार म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा पदार्थ, ज्यास आपण 'अल्क' म्हणतो. यावर घोकंपट्टी हा उपाय नव्हे. वहीच्या शेवटच्या पानावर मराठी, हिंदी व इंग्रजी असे तीन रकाने आखावेत आणि प्रत्येक शब्दापुढे एखादा खरा पदार्थ लिहावा. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्येच वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत जीवरसायनशास्त्राचेही होते. तेव्हा हे पान पुढेही उपयोगी पडेल.

दुसरी अडचण 'मोल' या संकल्पनेची. डझन म्हणजे जसे बारा, तसे मोल म्हणजे ६०२२ वर वीस शून्ये दिल्यास होतील एवढे कण. एवढे कण मोजणार कोण? म्हणून आपण ते तोलतो. पाण्याचा एक मोल भरतो १८ ग्रॅम.

आपल्या नगरीचेच उदाहरण घेऊ. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू (२४), हायड्रोजनचे तीन (३), नायट्रोजनचा एक (१४) आणि ऑक्सिजनचा एक (१६), एकूण ५७. टाकीत पाणी शिरले. या द्रव्याच्या ५७ ग्रॅमांशी १८ ग्रॅम पाण्याचा संयोग झाला की ३१ ग्रॅम मिथिल अमाइन व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, दोन्हीकडे ७५. शिवाय उष्णता निर्माण होते, आणि हा द्रव तर सुमारे ३९ अंश सेल्सिअसलाच उकळतो. टाकीतील दाब का वाढला, हे आता निराळे सांगावयास नको. हवेच्या एका मोलाचे वजन सुमारे २९ ग्रॅम. म्हणजे ही वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. म्हणूनच ती वर न जाता जमिनीलगत पसरली आणि झोपलेल्या वस्त्यांत शिरली.

हाच हिशेब क्लोरीन (७१) व अमोनिया (१७) यांचा करून पाहावा. हवेच्याच तपमानाला यांतील कोणता वायू खाली राहील व कोणता वर जाईल, हे पुस्तक न उघडता सांगता येते.