घोड्याची पारख आणि घोडेवाल्याची

घोड्यांच्या बाजारातून मराठीत आलेले शब्द थोडेथोडके नाहीत, आणि त्यांतले बरेचसे संशयाचे आहेत. ‘यात काही तरी गोम आहे’ असे आपण एखाद्या स्थळाबद्दल किंवा व्यवहाराबद्दल सहज बोलून जातो. ही गोम म्हणजे घोड्याच्या अंगावरची, केस उलटे वळल्यामुळे किड्यासारखी दिसणारी रेघ. जुन्या पारख्यांनी ती अशुभ ठरविली होती. विकणारा ती झुलीखाली झाकी आणि घेणारा झूल उचलून ती शोधी. ‘अडेलतट्टू’ तिथलाच, ‘खोगीरभरती’ तिथलीच. ‘खोड’ हा शब्द तबेल्यात जन्मला नसेल, पण वावरला तिथेच फार. पिढ्यान्‌पिढ्या लोक घोडे विकत घेत होते आणि फसत होते, याची ही भाषेने ठेवलेली नोंदच म्हणावयाची.

आमच्या घराण्याचा घोड्यांशी संबंध केवळ शेजाराचा. आजोबा आणि वडील दरबारचे पखवाजी. वडिलांची चाकरी संस्थानच्या अखेरच्या थोड्या वर्षांची. 1949 साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते पोरसवदा होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण ऐकला भरपूर. शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी या गावात कोणत्या घरात सांगितल्या गेल्या नाहीत? वडिलांच्या गोष्टींत मात्र एक म्हातारा चाबुकस्वार येई. नवा घोडा फरसबंदीवरून दुडकी चालीने पळविला जाई, तेव्हा हा गृहस्थ त्याच्याकडे पाठ करून बसे. वडील म्हणत, “तो ठेका ऐकत असे. दुडकीत दोनच ठोके, आणि दोन्ही सारख्या वजनाचे पडले पाहिजेत. एक जड आणि एक हलका पडला की घोडा कुठे तरी पाय चोरतोय.” पखवाजाच्या घरात वाढलेल्या पोराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे आता आठवण्याचे कारण कारवार जिल्ह्यातला जोयडा तालुका. खानापूर ओलांडून रामनगरकडे निघाले की रान दाट होत जाते. पूर्वी या तालुक्याचे ठाणे सुपे येथे होते. काळी नदीवरच्या धरणात ते गाव बुडाले आणि ठाणे जोयड्याला आले. कुणबी, गवळी-धनगर आणि सुपारीच्या बागा राखणारी कुटुंबे अशी इथली वस्ती. कोकणी आणि मराठी घरोघर चालते. गवळी-धनगर तर आपल्याच घाटमाथ्यावरून म्हशी घेऊन पिढ्यांपूर्वी खाली उतरलेले. जगलबेटच्या पुढे एका बागाईतदाराचा मुलगा माझ्याकडे चार वर्षे गाणे शिकत होता. काळी व्याघ्र प्रकल्प आणि नदीवरचे नौकाविहार यांमुळे तिकडे पर्यटक येऊ लागले, तशा या कुटुंबाने घरामागे चार खोल्या बांधल्या. पाहुण्यांच्या मुलांना बसावयास एक घोडा असावा, असे पुढे ठरले. त्या वर्षीच्या सुपारीचा पैसा त्यात जाणार होता आणि घरची सात वर्षांची नात त्याच घोड्यावर बसणार होती. मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला, “मास्तर, तुमचे घर पागेजवळचे. एकदा येऊन बघा.”

मी घोड्यांचा जाणकार नव्हे, हे मी आधीच कळवून टाकले आणि बेळगावकडच्या एका पशुवैद्य मित्राला बरोबर घेतले.

या मुलखात घोडा तसा नवा नाही. गोव्याच्या बंदरात उतरलेला अरबी घोडा देशावर जावयाचा तर हाच सह्याद्री चढून जाई. विजयनगरचे सारे घोडदळ या आयातीवर उभे होते. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत आवळला, आणि 1547 च्या तहात गोव्यात उतरलेले घोडे विजयनगरलाच मिळावेत, आदिलशहाला मिळू नयेत, असे कलम घातले गेले. फेर्नाँव नूनिश हा स्वतः घोड्यांचा व्यापारी. विजयनगरात राहून त्याने तिथला इतिहास लिहून ठेवला. नरसिंहरायाबद्दल तो सांगतो की, राजा घोडे जिवंत असोत वा मेलेले, हजार पर्दावांना तीन या भावाने घेई. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखविली तरी पुरे किंमत मिळे. वाटेतले सारे नुकसान घेणाऱ्याने सोसावयाचे, असा हा सौदा. राजाला घोड्यांची गरजच तशी होती.

त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने तामिळ किनाऱ्यावरची हकीकत लिहिली आहे. तिथे दरवर्षी हजारो घोडे येत आणि निगा ठाऊक नसल्यामुळे बहुतेक मरून जात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे घोड्यांचे व्यापारी तिकडे नालबंद नेत नसत, कोणाला जाऊही देत नसत. घोडे जगले तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक कुठून यावयाचे? लबाड घोडेवाल्याची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. घोड्यातले व्यंग तो झाकीलच, पण त्याचे खरे भांडवल म्हणजे घेणाऱ्याचे अज्ञान, आणि ते टिकून राहील याची तो काळजी घेतो.

जोयड्याला पहिला व्यापारी आला तो घोडा गाडीत घालून घेऊनच आला. कुमैत रंगाचा, चार पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. अंग असे चकाकत होते की नात लगेच हरखली. बोलणारा गोड होता. गळ्याजवळचा भोवरा दाखवून म्हणाला, “हा देवमन. ज्याच्या दारात हा घोडा, त्याच्या घरात लक्ष्मी.” सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथेही या खुणांवर भाव चढतात. खुणा मानणाऱ्यांनी खुशाल मानाव्यात. एवढेच ध्यानात ठेवावे की भोवऱ्याकडे पाहणाऱ्याची नजर खुरांकडे जात नाही.

माझ्या मित्राने खोगीर उतरवावयास लावले. सकाळचे सात वाजले होते, तरी खोगिराखाली पाठ घामेजलेली होती. याचा अर्थ घोडा कुठे तरी अगोदरच फिरवून आणलेला. सांधे आखडलेला घोडा तासभर चालविला की मोकळा दिसतो. म्हणून घोडा पाहावयाचा तो थंड असताना, दावणीवरून सुटतानाच. मग दात. घोड्याचे पुढचे दुधाचे दात सुमारे अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने पडून कायमचे येतात आणि पाच वर्षांनी तोंड पुरे भरते. पुढे दातांच्या माथ्यावरचे खळगे झिजत जातात. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक चर उमटू लागते. ती पंधराव्या वर्षी अर्ध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी मुळापासून टोकापर्यंत येते. झिजलेल्या दातांत खळगे कोरून, ते काळे करून म्हाताऱ्या घोड्याला तरुण ठरविण्याची विद्या विलायतेत इतकी रुजली होती की तिला स्वतंत्र नाव पडले. चर मात्र कोणाला पुसता येत नाही. व्यापारी सात वर्षे सांगत होता. मित्राने ओठ वर करून चर मला दाखविली आणि तो काही बोलला नाही.

मग घोडा डांबरी रस्त्यावर दुडकीने पळवा, असे आम्ही सांगितले. मी वडिलांच्या चाबुकस्वाराप्रमाणे पाठ केली नाही, पण डोळे मिटले. ठोका जड, ठोका हलका. डोळे उघडले तर घोड्याची मानही त्याच हिशेबाने खालीवर होत होती. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना मान उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. व्यापारी म्हणाला, “नाल नवी आहे, बोचत असेल.” तसे असूही शकते, एका ठोक्यावरून कोणाला लबाड म्हणू नये. म्हणून मालकांनी विचारले, “आठ दिवसांनी पुन्हा बघू?” उत्तर आले, “आठ दिवसांत घोडा राहणार नाही. शहरातली तीन गिऱ्हाइके थांबली आहेत.” पशुवैद्याने रक्त तपासावयास घेऊ का म्हटल्यावर त्याला एकाएकी घाई झाली.

रक्त कशासाठी, हे वाचकांना सांगितले पाहिजे. द्वाड घोड्याला गुंगीचे औषध देऊन गरीब करता येते आणि लंगड्या घोड्याचे दुखणे औषधाने चार दिवस दाबता येते. शिवाय ग्लँडर्स नावाचा रोग आहे, तो घोड्यापासून माणसालाही होतो. त्याची तपासणी झाल्याचा दाखला पाहिल्याखेरीज घोडा दारात बांधू नये, मग विकणारा कितीही घरोब्याचा असो.

दुसरा व्यापारी बेळगावच्या बाजूचा, साठीचा. त्याने घोडा आणलाच नाही. आधी जागा बघतो म्हणाला. अंगणात बसून चहा घेतला आणि मग प्रश्न सुरू केले. बसणार कोण, मुले की मोठी माणसे? बांधणार कुठे, जमीन मातीची की फरशीची? इथे जूनपासून चार महिने पाऊस खळत नाही. तेव्हा खूर कोरडे कसे ठेवणार? पावसानंतर मोठ्या माश्या होतात, त्यांच्यापासून सर्रा होतो, ठाऊक आहे का? रात्री बिबट्या येतो का? घोडा एकटा राहिला तर झुरतो. जवळ दुसरे जनावर आहे का? आणि शेवटी त्याने विचारले, “नालबंद किती लांब?” दीड-दोन महिन्यांनी खूर कापावे लागतात, नालबंद मिळाला नाही तर घोडा वर्षात पायांतून जातो, असे त्याने समजावून सांगितले. मार्को पोलोच्या व्यापाऱ्यांनी जो नालबंद येऊ दिला नाही, त्याचीच हा माणूस चौकशी करीत होता. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मग तो मालकांना म्हणाला, “काका, आत्ता वैशाख आहे. महिन्यात पाऊस येईल. आत्ता घोडा देणार नाही. ओटा बांधा, दसऱ्यानंतर या.” हातातले गिऱ्हाईक त्याने पाच महिने लांब लोटले. दसऱ्यानंतर मालक आणि माझा विद्यार्थी त्याच्या तबेल्यावर गेले. न सांगता गेले आणि आधी त्याच्या नालबंदाला भेटले. घोडेवाल्याची खरी माहिती त्याच्या नालबंदाजवळ आणि मोतद्दाराजवळ असते. दहा वर्षे एकाच गावात, एकाच नालबंदाकडे जाणारा माणूस सहसा मोठी फसवणूक करीत नाही, कारण त्याला उद्याही तिथेच राहावयाचे असते. त्याने अकरा वर्षांची एक घोडी दाखविली. दिसावयास साधी, अंगावर एकही शुभ भोवरा नाही. वय त्याने स्वतः सांगितले आणि दातांनी साक्ष दिली. खोडही त्यानेच सांगितली, “वाहते पाणी पाहिले की थबकते. ओढायचे नाही. उभी राहू द्यायची, मग आपण होऊन जाते.” आणि ओढ्यावर नेऊन ती दाखविलीही. अर्धे पैसे घेऊन पंधरा दिवस घोडी त्यांच्याकडे ठेवली. पटली नाही तर परत, असे कागदावर लिहून दिले. तपासणीचा दाखला त्या कागदाला जोडलेला होता.

नूनिशच्या हकिकतीत सारा धोका राजाच्या माथी होता. इथे विकणाऱ्याने पंधरा दिवसांचा धोका आपल्या अंगावर घेतला. भरवसा ठेवावयाचा तो अशा सौद्यावर. घोड्याचे व्यंग शोधणे हे वैद्याचे काम, आणि ते ज्याचे त्याने करावे. पण जिवंत जनावर कोणालाच पुरते तपासता येत नाही. जे उरते, त्यासाठी माणूस पाहावा लागतो. आणि तो बोलण्यावरून पाहण्यापेक्षा त्याच्या प्रश्नांवरून पाहावा. ज्याला माल खपवावयाचा असतो त्याला घेणाऱ्याविषयी फक्त एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते, ती म्हणजे त्याच्या खिशात किती आहे. ज्याला आपले जनावर नांदावे असे वाटते, तो गोठा विचारतो, पाऊस विचारतो, नालबंद विचारतो.

आम्हां गाणाऱ्यांना हे मिरजेत कळते. चांगला तंबोरेवाला तुम्ही भाव विचारण्याआधी विचारतो, “गाणार कोण? बाई की बुवा? पट्टी कोणती?” उत्तर मिळाल्यावर कधी कधी म्हणतो, “हा तुमच्यासाठी नाही. थांबा.” कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, तेव्हा घोडे आणि गायन या दोहोंना एकाच ग्रंथात जागा दिली. पागा आणि गायनशाळा यांचा शेजार इतका जुना आहे.

घोडी जोयड्यात नांदते आहे. पावसाळ्यात ओट्यावर असते, शेजारच्या गवळ्याच्या म्हशींशी तिचे बरे जमले आहे. नात आता अकरा वर्षांची झाली. ओढा आला की ती लगाम सैल सोडते आणि घोडी निघेपर्यंत थांबते.